१०.८ एमएम आणि ‘आयसोलेटेड’ हा शब्द

काल पालख्या आल्या पुण्यात. फर्ग्युसन रोडला बाबाच्या खांद्यावर बसून लेकीने तासभर टाळ-मृदंग ऐकले आणि घरी आल्यावर झोपेपर्यंत तिचं "माऊली माऊली" चालू होतं. मला मात्र सारखी २०२२ ची वारी आठवत होती. कोरोनाची दोन वर्षं पायी वारी झाली नव्हती त्यामुळे त्या वर्षी गर्दी तुफान, आणि पालख्या मुक्कामाला होत्या त्या दिवशी सकाळी सहा वाजता आम्ही दोघं रिक्षाने, अर्धे रस्ते बंद म्हणून फिरून फिरून, अ‍ॅम्निओसाठी, म्हणजे सुईने बाळाभोवतीचं पाणी काढून तपासायला, निघालो होतो. पोटात हीच होती. एकविसावा आठवडा नुकताच लागलेला.

लिहायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या एका मैत्रिणीचा फोन आला, तिच्या रिपोर्टमध्येही तेच, बाळाच्या डोक्यात पाणी जास्त, आणि ती बोलताना मधेच गप्प व्हायची ना, ते ऐकून म्हटलं आता लिहूयाच.

तर वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी माझं अ‍ॅनॉमली स्कॅन होतं, म्हणजे बाळाच्या सगळ्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी. वीस आठवडे. फॉर्म एफवर सही केली, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ची पाटी वाचत बसले, आत गेले, पाठीचा कणा, हृदय, किडन्या, हातपाय सगळं बघून झालं आणि मग डॉक्टर डोक्यावर जे थांबले ते थांबलेच. परत परत तेच मोजत होते. मला म्हणाले कुशीवर वळा, मग म्हणाले जरा चालून या, मग परत मोजलं. बोलले काहीच नाहीत. बाहेर बिलाच्या काउंटरवर रिपोर्ट देताना तिथल्या ताईंनी आठ-दहा लोकांच्या देखत सांगितलं, "बाळाच्या डोक्यात पाणी जास्त दिसतंय, तुमच्या डॉक्टरांना लगेच दाखवा." सेंटरचं नाव लिहित नाही, पण हे असं काउंटरवर कोणालाच सांगू नये, त्या एका वाक्यासाठी डॉक्टरांनी पाच मिनिटं खोलीत थांबवून घ्यायला हवं होतं असं मला आजही वाटतं. कारण ‘डोक्यात पाणी’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, मोठं झालेलं डोकं. माझ्या आईच्या माहेरी असं एक मूल होतं, लहानपणीच गेलं. आई फोनवर रडायलाच लागली.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, लॅटरल व्हेंट्रिकल १०.८ एमएम, माइल्ड व्हेंट्रिक्युलोमेगली, आणि पुढे तो शब्द, आयसोलेटेड.

आता हे काय असतं ते मला जसं समजलं तसं सांगते. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यांनाच व्हेंट्रिकल म्हणतात, सगळ्यांच्याच असतात, त्यात पाण्यासारखा द्रव असतो, तो आतच तयार होतो आणि एका पोकळीतून दुसरीत वाहत जाऊन शोषला जातो. म्हणजे पाणी असणं हे नॉर्मलच आहे. प्रश्न फक्त पोकळी किती रुंद आहे हा. तिच्या मागच्या भागाची रुंदी मोजतात, आणि गंमत अशी की चौदाव्या आठवड्यापासून थेट नवव्या महिन्यापर्यंत ती रुंदी फारशी बदलत नाही, सरासरी साडेसात एमएमच्या आसपासच राहते. म्हणून १० ही रेघ १९८८ पासून सगळीकडे धरतात. १० ते १२ माइल्ड, १३ ते १५ मॉडरेट, १५ च्या वर सिव्हिअर. माझ्या मनातलं जे चित्र होतं, आईच्या माहेरच्या त्या मुलाचं, ते यातल्या कशाशीच जुळत नव्हतं. पण हे मला कळलं चौथ्या दिवशी, तोपर्यंत तीन रात्री मोबाइलवर जे जे वाचायला नको ते सगळं वाचून झालं होतं.

चौथ्या दिवशी फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या, डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी आधी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आयसोलेटेड लिहिलंय ते त्यांनी त्यांच्या स्कॅनपुरतं लिहिलंय. म्हणजे बाकी काही दिसलं नाही एवढंच. आता आपण शोधायचं आणि मग तो शब्द वापरायचा."

हे वाक्य मी आजपर्यंत विसरले नाहीये, आणि मला या पोस्टमध्ये जे सांगायचंय तेही हेच आहे खरं तर. रिपोर्टवरचा आकडा बघून घाबरतो आपण, सगळे नातेवाईक आकडाच विचारतात, दहा पॉइंट किती. पण पुढचं सगळं ठरतं ते त्या आकड्याच्या सोबत अजून काही आहे की नाही यावर. तेच १०.८ आणि सोबत दुसरी काही रचना चुकलेली असेल किंवा गुणसूत्रांत गडबड असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. खरंच एकटंच असेल तर वेगळी.

मग न्यूरोसोनोग्राम केला, म्हणजे फक्त मेंदूची सविस्तर सोनोग्राफी. बाळाचं डोकं खाली होतं म्हणून खालूनही केली, तशी जास्त जवळून दिसते म्हणे. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा पूल, ज्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात, तो आहे का, पुढची ती छोटी चौकोनी पोकळी आहे का, मागचा लहान मेंदू नीट आहे का, मेंदूवर घड्या वयाप्रमाणे पडतायत का, एकेक दाखवून सांगत होत्या. अजून एक गोष्ट कळली. पहिल्या स्कॅनमध्ये एकाच बाजूचं माप होतं, कारण प्रोबच्या जवळची बाजू नेहमीच धूसर दिसते. इथे दोन्ही मिळाली, डावी १०.६ आणि उजवी ७.९. आणि एमएमच्या दशांशांनी फरक कसा पडतो तेही त्यांनी मशीनवर दाखवलं, रेघ जराशी तिरकी धरली की दहाचे अकरा होतात. म्हणून मी आता कोणालाही सांगते, एका मापावर काही ठरवू नका, परत मोजून घ्या, आणि जो माणूस रोज हेच बघतो त्याच्याकडून मोजून घ्या.

रक्ताची टॉर्च टेस्ट केली, बाळाला त्रास देणाऱ्या इन्फेक्शन्सची. यात मी उगाच दोन दिवस घालवले. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला, सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, लाल अक्षरात. हा सीएमव्ही नावाचा व्हायरस पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्रास देऊ शकतो, पोकळ्या मोठ्या होण्याचं ते एक कारण आहे, एवढं मी वाचलेलं, त्यामुळे लाल अक्षर दिसल्यावर मी स्वयंपाकघरात खालीच बसले. मॅडमना फोन लावला तर म्हणाल्या अगं आयजीजी म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन गेलंय, आपल्याकडे बहुतेक सगळ्या बायकांचं पॉझिटिव्हच येतं, नवीन इन्फेक्शनचा संशय आयजीएमवरून येतो आणि तुझं ते निगेटिव्ह आहे. लॅबने रिपोर्टखाली ही एक ओळ लिहिली असती तर माझे ते दोन दिवस वाचले असते.

आणि मग अ‍ॅम्निओ. यावर घरात बरंच झालं. सासूबाईंचं म्हणणं सुई कशाला घालायची, देव बघेल. आत्यांचं म्हणणं वेगळंच, त्यांना कोणीतरी सांगितलेलं की वीस आठवड्यांनंतर काहीच करता येत नाही तेव्हा आत्ताच काय ते ठरवा. हा जुना नियम होता. २०२१ मध्ये गर्भपाताच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आता ठरावीक परिस्थितीतल्या बायकांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने करता येतं आणि बाळात गंभीर दोष असल्याचं मेडिकल बोर्डाने सांगितलं तर आठवड्यांची अटच नाही. हे मी इथे मुद्दाम लिहितेय कारण त्या "आत्ताच ठरवा" ची जी घाई असते ना ती भयंकर असते. आम्हाला तेव्हा काहीच माहिती नव्हतं बाळाबद्दल, फक्त एक पोकळी अर्धा-पाऊण एमएमने जास्त आहे एवढंच, आणि त्यावर एका रविवारी जेवणाच्या टेबलावर तिचा निर्णय घ्यायचा? नवरा कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला.

अ‍ॅम्निओमध्ये गर्भपाताची शक्यता साधारण हजारात एक ते तीन असते, मॅडमनी कागदावर लिहून दिली. दुसऱ्या बाजूला, वरवर एकटी दिसणारी माइल्ड किंवा मॉडरेट व्हेंट्रिक्युलोमेगली असते तेव्हाही शंभरात पाचेक बाळांमध्ये गुणसूत्रांचा दोष सापडतो. मी आकडे समोर ठेवून दोन दिवस विचार केला आणि करायचं ठरवलं. कोणी नाही करायचं ठरवलं तर तेही मला पूर्ण समजतं. प्रत्यक्षात पाच मिनिटंही लागली नाहीत. सोनोग्राफीत बघत बघत सुई, साधारण वीस एमएल पाणी, सुई बाळापासून किती लांब आहे ते स्क्रीनवर दिसत होतं. मी बघितलं नाही, नवऱ्याने बघितलं. बाहेर आलो तर रस्त्याच्या कडेला वारकरी बसून पिठलं-भाकरी खात होते. एका म्हाताऱ्या आजींनी माझं पोट बघितलं आणि काही न बोलता बुक्क्याचं बोट कपाळाला लावलं. मी रिक्षात बसेपर्यंत रडू आवरलं, नंतर नाही आवरलं.

तीन दिवसांत पहिला रिपोर्ट आला, १३, १८ आणि २१ नंबरची गुणसूत्रं नॉर्मल. पण मायक्रोअ‍ॅरे म्हणजे गुणसूत्रांची अजून बारीक तपासणी, तिला दोन ते तीन आठवडे. माऊलींची पालखी दिवे घाटातून वर गेली ते टीव्हीवर बघितलं, मग जेजुरी, लोणंद, फलटण, रोज संध्याकाळी सासूबाई आज कुठे पोचले ते सांगायच्या आणि मी मनात दिवस मोजायचे. चोविसावा आठवडा जवळ येत होता. पोटात ती लाथा मारायला लागली होती, आधी बारीक फुलपाखरासारखं वाटायचं ते आता नवऱ्याला हात ठेवल्यावर कळायला लागलेलं, आणि मला तिच्याशी बोलायची भीती वाटायची. हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय. त्या अडीच आठवड्यांत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मेल आला. नॉर्मल. पाण्यातली सीएमव्हीची तपासणीही निगेटिव्ह. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशीचा उपास निर्जळी केला, मी त्यांना एकदाही नको म्हटलं नाही.

त्या काळात वेटिंग रूममध्ये एक ताई भेटायच्या, जुन्नरकडच्या, एसटीने यायच्या. त्यांच्या बाळाला तो पूल म्हणजे कॉर्पस कॅलोसमच नव्हता. बाकी सगळं नॉर्मल, म्हणजे त्यांच्याही कागदावर आयसोलेटेडच. पण तोच शब्द आणि अर्थ किती वेगळा. खरोखर एकटंच असेल तर अशी साधारण तीनातली दोन ते चारातली तीन मुलं चांगली वाढतात, बाकीच्यांना कमी-जास्त अडचणी येतात, आणि काही अडचणी तर शाळेत गेल्यावरच कळतात, अभ्यासात, लक्ष लागण्यात. म्हणजे पोटात असताना कोणीच छातीठोक सांगू शकत नाही यांचं मूल कुठल्या बाजूचं. त्या मला म्हणाल्या होत्या, "तुमचं बरंय ओ, तुमचं मोजता तरी येतंय." नंतर आमच्या तारखा वेगळ्या झाल्या. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्यांची आठवण मात्र दर पालखीला येते.

आणि अगदी दुसऱ्या टोकाला माझी चुलतबहीण. तिला सांगितलेलं कोरॉइड प्लेक्सस सिस्ट. म्हणजे जिथे तो द्रव तयार होतो त्या भागात पाण्याचा बारीक फुगा. हे शंभरातल्या एक-दोन बाळांत दिसतं, बहुतेक वेळा अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत आपोआप जातं, आणि बाकी सगळं नॉर्मल असेल तर मुलाच्या बुद्धीवर, वाढीवर त्याचा काही परिणाम होत नाही. तिच्या बाळाची सिस्टही आपोआप गेली. पण ‘मेंदूत सिस्ट’ हे दोन शब्द ऐकून तिने सातव्या महिन्यापर्यंत डोहाळजेवण करू दिलं नव्हतं. म्हणून वाटतं, ‘बाळाच्या मेंदूत काहीतरी दिसतंय’ ही एक गोष्ट नाहीच आहे, या अनेक वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांपासून खूप लांबचे आहेत. आधी नेमकं नाव विचारा. मग सर्च करायचं तर करा.

माझ्यासारख्या केसचे आकडे सांगते. १० ते १२ एमएम, एकटंच, सगळ्या टेस्ट नॉर्मल, तर शंभरात नव्वदहून जास्त मुलांची वाढ नॉर्मल होते. २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला एक निष्कर्ष आहे, माइल्ड आणि मॉडरेट मिळून, त्यात विकासात मागे पडणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे ८ टक्के आलं होतं. यात लक्षात घ्यायचं ते हे की ज्यांच्या पोटातल्या सोनोग्राफीत काहीच नव्हतं अशाही काही मुलांना हा त्रास असतोच, म्हणजे ते आठच्या आठ या पोकळीमुळे असं नाही. पण त्याच अभ्यासात अजून एक आकडा होता जो मला कोणी आपणहून सांगितला नव्हता, पोटात आयसोलेटेड म्हटलेल्या सुमारे ७ टक्के बाळांमध्ये जन्मानंतर अजून काहीतरी सापडलं होतं. मी मॅडमना विचारलं तर म्हणाल्या हो, म्हणूनच एमआरआय करायचा आणि म्हणूनच जन्मानंतरही सोडायचं नाही.

एमआरआय तिसाव्या आठवड्यात केला, गणपतीच्या आठवडाभर आधी, रस्त्यावर मांडवाचे बांबू पडलेले. थोडं थांबून केला कारण मेंदूच्या घड्या तोपर्यंत नीट पडलेल्या असतात, आधी केला तर बरंच काही दिसत नाही. यात रेडिएशन नसतं, इंजेक्शनही दिलं नाही, डाव्या कुशीवर अर्धा-पाऊण तास पडून राहायचं आणि मशीनचा धडाधड आवाज. त्या आवाजात ती पोटात जोरजोरात हलत होती आणि तेव्हा मी तिच्याशी बोलायला लागले. झालंच आता, अजून थोडं, घरी जाऊन शिरा करू. काहीही बोलत होते. एमआरआयमध्ये माप १०.१ आलं आणि बाकी मेंदू वयाप्रमाणे. चौतिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत ९.४. बहुतेक बाळांत हे असंच होतं, तेवढंच राहतं किंवा कमी होतं, थोड्यांमध्ये मात्र वाढतं आणि म्हणून परत परत मोजतात.

दिवाळीच्या पाडव्याला ती झाली. नॉर्मल डिलिव्हरी, डोक्याचा घेर नॉर्मल असल्यामुळे सिझेरियनचं काही कारणच नव्हतं. तिसऱ्या दिवशी टाळूवर प्रोब ठेवून डोक्याची सोनोग्राफी केली, ती छान झोपलेली होती. त्यानंतर पहिलं वर्ष दर महिन्याला टेपने डोकं मोजणं, आणि मान कधी धरली, पालथी कधी पडली, आधाराशिवाय कधी बसली हे सगळं वहीत लिहिणं. तेरा महिन्यांची असताना चालली. दीड वर्षाची असताना विकासाची सविस्तर चाचणी झाली, ठोकळे रचणं, कपाखाली लपवलेलं खेळणं शोधणं, दोन तास चाललं, वयाप्रमाणे आली.

कधी कधी लोक म्हणतात आता झालं ना सगळं नीट, कशाला अजून जाता. तर त्याचं एक कारण पुण्यातलंच आहे. आपल्या केईएम हॉस्पिटलमध्ये १९८७ ते ८९ च्या दरम्यानच्या दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या टीमने वर्षानुवर्षं, ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत तपासलं. तो विषय वेगळा, कमी वजनाचा, पण मला त्यातून समजलं की मुलाचं कसं झालं हे सांगायला किती वर्षं मुलांसोबत थांबावं लागतं. दोन वर्षांवर थांबलेल्या अभ्यासाला चौथीतलं गणित कसं कळणार. पोटातल्या सोनोग्राफीतल्या या गोष्टींचे बरेचसे अभ्यास मुलं अगदी लहान असतानाच संपतात. आमच्या मुलांना शाळेपर्यंत बघणारं कोणीतरी हवंय, आणि त्यासाठी आपण आई-बापांनीही फॉलोअपला गेलं पाहिजे ना, सगळं छान चाललं असतानाही. आपण गेलोच नाही तर ‘चांगली झालेली’ मुलं मोजली जाणारच नाहीत.

ती आता दोन वर्षं आठ महिन्यांची आहे. तिची फाइल कपाटात वरच्या कप्प्यात आहे, पहिल्या पानावर अजून ते १०.८ आहे आणि त्याखाली मॅडमनी पेन्सिलने आयसोलेटेड या शब्दापुढे काढलेलं प्रश्नचिन्ह. एमआरआयनंतर मी विचारलं होतं आता खोडायचं का ते, तर म्हणाल्या अजून नको. पुढची भेट ऑक्टोबरमध्ये, तिसऱ्या वाढदिवसानंतर. त्यानंतरची पाच वर्षांची झाल्यावर, पहिलीत जायच्या आधी.